डावा दात जरा पुढे

६ जानेवारी

दातांचं सामान पुरवणारी कंपनी दर वर्षी डॉक्टरांना डायऱ्या पाठवते आणि त्यातली एक माझ्या वाट्याला येते. आजवर ती घरी आणून मी हिच्या हातात द्यायचो. ही त्यात दुधाचे खाडे लिहायची, बाकीची पानं कोरी राहायची. ही गेली त्याला आता वर्ष होत आलं. लेक फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान लिहा तरी. म्हणून लिहायला बसलोय. लिहिण्यासारखं काही नाही हे आधीच नोंदवून ठेवतो.

माझं काम दात करण्याचं. बाहेर खुर्चीवर डॉक्टर माणसाचं माप घेतात. मी आतल्या खोलीत त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढतो, त्यावर मेणात दात लावतो, ते पसंत पडले की पक्की कवळी करतो. माणूस मला दिसत नाही आणि मी माणसाला दिसत नाही. थोरले डॉक्टर होते तेव्हाही हीच रीत होती, आता त्यांचा मुलगा आहे तरी तीच आहे. मला ती मानवते. साच्यांना जीभ नसते.

११ जानेवारी

लेक सुट्टी काढून आली आणि चप्पल काढायच्या आधी फ्रिजवर तुटून पडली. वाळलेली कोथिंबीर, उघडी बरणी, कसलंसं सरबत, सगळं धडाधड कचऱ्याच्या डब्यात. मी पेपर वाचत होतो. मागच्या कोपऱ्यातलं चॉकलेट तिने डब्यावर धरलं तेव्हा मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, त्यामुळे आम्ही दोघंही दचकलो.

ते हिचं आहे. जाड वडी, एका टोकाला एकच चावा. इस्पितळात जायच्या दिवशी हिने तो घेतला, उरलेलं आल्यावर खाते म्हणाली आणि कागदात नीट गुंडाळून ठेवलं. चाव्यात हिचे दात स्वच्छ उमटलेत. पुढचा डावा दात उजव्यापेक्षा जरा पुढे, किंचित त्याच्या अंगावर चढलेला. लग्न झालं तेव्हापासून मी मागे लागलो होतो की तार लावून सरळ करून घेऊ, घरचाच कारागीर आहे. ही म्हणायची, दिवसभर एवढी तोंडं तुमच्या तावडीत असतात, माझं तेवढं सोडा.

लेकीला सांगितलं, जागा अडवत नाही, राहू दे. तिने ते परत ठेवलं. जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं, पण विषय जावयाच्या बदलीचा काढला.

१९ जानेवारी

खोटे दात खोटे दिसतात, कारण ते सगळे सरळ असतात. खरी माणसं एवढी शिस्तीची नसतात. म्हणून मी प्रत्येक तोंडात थोडा वाकडेपणा ठेवतो. एखादा दात अंमळ फिरवतो, एखादा आखूड करतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. या हातगुणासाठीच डॉक्टरांकडे लांबून लोक येतात.

आज डॉक्टर माझ्या खोलीत चहा प्यायला आले, खिडकीतल्या दोन-तीन कवळ्या निरखत म्हणाले, "काका, हल्ली तुमची गिऱ्हाइकं सगळी सख्खी भावंडं वाटतात." मी म्हटलं, डोळे तपासून घ्या. ते हसले आणि गेले. मला मात्र ते दिवसभर लागून राहिलं. एकाच हाताचं काम आहे, थोडंफार साम्य येणारच. सुताराच्या खुर्च्यांना कोणी असं बोलत नाही.

४ फेब्रुवारी

वरच्या पुढच्या सहा दातांचं काम आलं. बाई पोहायला शिकवतात. तलावाच्या काठावर पाय घसरून तोंडावर पडल्या आणि पुढचे सगळे दात गेले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय, घाई आहे. जुना फोटो नाही. मी आपल्या अंदाजाने दात लावले. हात असा चालला की डोक्याला काही काम उरलं नाही. मेणातच इतके छान दिसले की थोडा वेळ तसाच बघत बसलो. बऱ्याच दिवसांनी काम करताना गुणगुणलो असावा, कारण डॉक्टरांची मदतनीस डोकावून गेली.

१२ फेब्रुवारी

आज माझी रीत मोडली. टकटक न करता दार उघडून एक बाई आत आल्या. वय माझ्याच आसपास, पांढरे आखूड केस, तेही ओले, पायात रबरी चपला, गळ्यात शिट्टी. दात तुम्हीच केलेत ना, असं विचारून त्यांनी उत्तराची वाट न बघता शिट्टी दातांत धरली आणि फुंकली. शिट्टी उजवीकडे सरकली आणि माझ्या टेबलावर पडली.

मी म्हटलं, हाताने धरा. त्यावर त्यांनी माझी शाळाच घेतली. पाण्यात नवशिक्या माणसाला पाठीखाली दोन्ही हात देऊन तरंगवत ठेवावं लागतं. तेव्हा हात रिकामे नसतात, शिट्टी दातांतच राहायला हवी. तलावाच्या व्यवस्थापकाला तसंही कोणीतरी तरुण हवं आहे. शिट्टी टिकली नाही तर यांची नोकरीही टिकणार नाही.

मी दात ठेवून घेतले. गेल्यावर टेबल पुसावं लागलं, सगळीकडे पाणी.

२१ फेब्रुवारी

शिट्टीवाल्या बाई तिसऱ्यांदा येऊन गेल्या. मी मागची बाजू घासली, कडेच्या दातांची उंची उतरवली, टाळूवरचा भाग पातळ केला. शिट्टी सरकतेच. पुढच्या दोन दातांना मात्र हात लावलेला नाही. ते उत्तम बसलेत, त्यांच्यात दोष असणं शक्य नाही.

बाई वैतागत नाहीत, हे नवल. स्टुलावर बसून माझं काम बघतात आणि प्रश्न विचारून डोकं खातात. त्या दोनदा हसल्या.

२८ फेब्रुवारी

शिट्टी पाण्यात नेमकी कशी वागते ते पाहिल्याशिवाय कळणार नाही म्हणून तलावावर गेलो. इतक्या वर्षांत कुठल्याही कवळीमागे मी असा गेलेलो नाही. डॉक्टरांना सांगितलं, पोस्टात जाऊन येतो.

सगळीकडे औषधाचा वास आणि आरडाओरडा. बाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या आणि एका भेदरलेल्या काकूंना उताणं तरंगायला लावत होत्या. काकूंनी डोळे घट्ट मिटले होते. शिट्टी पडलीच, पण बाईंनी काकूंच्या पाठीखालचे हात काढले नाहीत. कोणीतरी आपल्याला असं धरलं असेल तर तरंगणं अवघड नसावं, असं माझ्या मनात आलं.

त्या वर आल्या तेव्हा त्यांचा टॉवेल खाली पडला होता. मी तो उचलून धरून उभा राहिलो. बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, खुंटीला लावला आणि तिथून काढून मग अंग पुसलं. म्हणाल्या, "ते काम माझ्या नवऱ्याचं होतं. त्यांना पाण्याची भीती, काठावर टॉवेल धरून बसायचे. जाऊन बरीच वर्षं झाली. पण ती जागा मी कुणाला देत नाही. तुम्हाला यायचं असेल तर पाण्यात या."

एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय होतं ते मला समजलं नाही. साधा टॉवेल होता.

९ मार्च

हल्ली घरी जाताना तलावावरून जातो. लांब पडतं, पण रस्ता सावलीचा आहे. बाईंचं काम तेव्हाच सुटतं. आम्ही चौकापर्यंत बरोबर चालतो. त्या बोलतात, मी ऐकतो. आज त्यांनी व्यवस्थापकाची नक्कल करून दाखवली आणि स्वतःच हसत सुटल्या.

त्या हसल्या की मला फार बरं वाटतं. अगदी आतून, थेट छातीत. आपलं काम दुसऱ्याच्या तोंडात शोभताना बघायची संधी मला आजवर मिळाली नव्हती, त्याचंच ते समाधान असावं. दुसरं काय असणार.

लेकीने फोनवर विचारलं, बाबा, आवाज वेगळा का येतोय. मी म्हटलं, लाइन खराब असेल.

२२ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दवाखान्यात रंगकाम चाललंय, म्हणून बाईंना घरी बोलावलं होतं. घासायची छोटी मोटर माझ्याकडे घरीही आहे. मी खिडकीपाशी मोटर जोडत होतो. बाईंना तहान लागली. ही बाई विचारून दार उघडणाऱ्यांतली नाही, तिथे फ्रिजची काय कथा. बाटली काढता काढता त्यांनी विचारलं, "हे मी कधी खाल्लं?"

मी वळलो. त्यांच्या हातात चॉकलेट होतं, कागद सुटलेला. त्यांना गंमत वाटत होती. म्हणाल्या, अहो, सेम माझा चावा, रोज पावात बघते मी हा, हा बघा पुढे आलेला दात. त्यांनी वडी तोंडाजवळ नेली आणि मला दिसावं म्हणून ओठ वर केला.

चावे वाचण्यावर मी पोट भरलंय. मला मेणातच कळायला हवं होतं, पण कळलं ते आज, बाईंच्या हातात.

मी सांगितलं की ते माझ्या बायकोचं आहे. त्या आधी हसल्या, मग थांबल्या. त्यांची जीभ आतून त्या दातावर फिरली, ओठ हलताना मला दिसलं.

"म्हणजे हे तिचे दात?"

"मी मुद्दाम नाही केलं."

"ते तर आणखी वाईट."

त्या बेसिनकडे वळल्या, दात काढले, धुतले आणि बशीत ठेवले. मग तोंडावर हात धरून बोलल्या. समोरचे दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते, पण मला एकेक कळला. "इतके दिवस तुम्ही बघत होतात. मला वाटलं, माझ्याकडे बघताय."

चॉकलेट त्यांनी कागदात गुंडाळून होतं त्याच कोपऱ्यात ठेवलं, फ्रिज बंद केला आणि गेल्या. पाणी प्यायचं राहिलंच. मला जिन्यापर्यंतही जाता आलं नाही. मी खुर्चीत बसून राहिलो आणि खूप दिवसांनी रडलो. कुणासाठी ते सांगता येणार नाही.

२५ मार्च

रंगकाम उरकलं. कपाटातले वर्षभराचे साचे आणि मेणकामाचे फोटो काढून ओळीने मांडले. एक निवृत्त मास्तर, एक शिंपीण, एक दाढीवाले वकील, कोणाची तरी आजी. सगळ्यांचा डावा दात जरा पुढे. हिला जाऊन वर्ष झालं आणि वर्षभर मी हिला गावभर वाटत होतो.

डॉक्टरांना बोलावून दाखवलं. त्यांनी एकेक साचा उचलून पाहिला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तक्रार कुणाचीच नाही." मला माहीत आहे. तक्रार एकाच ठिकाणी आहे आणि ती रास्त आहे.

२ एप्रिल

तलावाच्या जाळीबाहेरून पाहिलं. बाई दातांशिवायच शिकवत होत्या. शिट्टी गळ्यात नुसती लोंबत होती. टाळ्या वाजवायला हात मोकळे करावे लागत होते आणि तेवढ्यात एक मुलगी घाबरून गटांगळी खात होती. व्यवस्थापक काठावर हाताची घडी घालून उभा होता. त्या एकदा जाळीकडे वळल्या तसा मी काढता पाय घेतला.

बशीतले दात मी खणात ठेवलेत. नवे करून द्यायला हवेत हे उघड आहे. साचा काढून समोर ठेवला, मेण तापवलं आणि हात पुढे नेला. हाताचा भरवसा वाटेना. मेण पुन्हा घट्ट झालं. निदान चिठ्ठी पाठवावी असं वाटलं, पण काय लिहिणार.

मला त्यांची आठवण येते. दातांची नाही. माझ्या टेबलावर त्या पाणी सांडतात त्याची येते. हे लिहिताना हिच्याशी प्रतारणा होतेय असं वाटलं. तरी लिहिलं.

११ एप्रिल

दार टकटक न करता उघडलं.

बाई आत आल्या, तोंडावर रुमाल. मी उभा राहिलो. त्या म्हणाल्या, काल बँकेच्या रांगेत त्यांच्या पुढचे एक आजोबा वळून हसले आणि मिशीखाली तोच दात. आधी त्यांना वाटलं भास झाला. मग दाराशी एक बाई कुणाला तरी हसली, तिचाही तोच.

"किती जणांना दिलात?"

"वर्षभर आले त्या सगळ्यांना."

त्या स्टुलावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत, आणि मी पाण्याचा ग्लास शोधू लागलो. पण त्या हसत होत्या. रुमाल खाली आला तरी हसू थांबेना. म्हणाल्या, त्या आजोबांना तर फारच शोभतो हो. मग मलाही हसू आलं. हिलाही आलं असतं, आणि माझ्यावर यायचं तसं मोठ्याने.

त्यांच्या तोंडात पुढे दातच नव्हते. तेव्हा ते हसू दुसऱ्या कोणाचं असण्याचा प्रश्न नव्हता. मला बरं वाटलं. पहिल्यासारखंच, थेट छातीत.

मी म्हटलं, तुमचा एखादा जुना फोटो आणा, कुणाकडे तरी असेल, आधी होते तसे दात करून देतो. त्या म्हणाल्या, "जुने गेले. नवे करा. फक्त माझे करा."

१८ एप्रिल

माझ्या टेबलाशी आजवर दुसरं कोणी बसलेलं नाही. आता ती बसते. मेण मऊ करायची सुरी मी तिच्या हातात दिली आणि दात तिलाच लावायला सांगितले, कारण माझा हात अजून डावीकडे वळतो. तिने पहिले दोन उलटे लावले. एक बोट भाजून घेतलं आणि शिव्या दिल्या. मी फक्त उंची आणि चावा बघत होतो.

वाकडेपणा कुठे ठेवायचा हे तीच ठरवणार होती. पुष्कळ वेळ आरशात बघून तिने उजवा सुळा बाहेरच्या अंगाला वळवला. म्हणाली, आधी असा नव्हता, पण असायला हवा होता. बाकी सरळ. पुढच्या दोन दातांच्या कडा एका रेषेत आल्या. ते बघताक्षणी मला शिट्टी का सरकत होती ते समजलं, आणि तिलाही.

३ मे

लेकीला फोन करून सांगितलं. कसं सांगायचं याची दोन दिवस मनात जुळवाजुळव केली होती, पण ऐन वेळी दातखीळ बसली आणि एवढंच निघालं की पोहायला शिकतोय आणि शिकवणाऱ्या बाई घरी येतात. मागे नातीचा आवाज येत होता.

मग तिने विचारलं, "आईचं चॉकलेट?"

"आहे तिथेच आहे."

"त्यांना माहितेय?"

"सगळं."

मग म्हणाली, सुट्टीत येते, तेव्हा भेटेन. आवाज थोडा ओला होता. मी लाइनला दोष दिला नाही.

१० मे

आज मी पाण्यात उताणा झालो. तिचे दोन्ही हात पाठीखाली, शिट्टी दातांत. शिट्टी असली की तिला बोलता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा. शिट्टी वाजली की काठ सोडायचा असं ठरलं होतं. वाजली. मी सोडला नाही. पुन्हा वाजली, अगदी कानाशी. सोडला. छत हळूहळू डोक्यावरून सरकत होतं आणि माझ्या कानांत पाणी होतं. तिने हात कधी काढले ते कळलं नाही. व्यवस्थापक काठावरून बघत होता, नंतर ऑफिसात निघून गेला.

घरी आल्यावर भूक लागली होती. तिने एक सफरचंद घेतलं, करकचून चावा घेतला, तेवढ्यात तिला फोन आला आणि ते ओट्यावर ठेवून ती खिडकीपाशी गेली. मी सफरचंद उचलून पाहिलं. चार दात सरळ रेषेत, उजव्या सुळ्याची खूण जरा बाहेर. शंभरांत ओळखू येईल. मी ते फ्रिजमध्ये ठेवलं, चॉकलेटशेजारी. दोन वेगळे चावे, एकात दुसरा मिसळत नाही. बराच वेळ फ्रिजचं दार उघडं धरून उभा राहिलो असेन, कारण ती मागे येऊन उभी राहिल्याचं मला समजलं नाही.

तिने आत पाहिलं. चॉकलेटला हात लावला नाही. सफरचंद बाहेर काढून माझ्या हातात दिलं.

"हे टाका. उद्या दुसरं चावीन."

टाकलं.